पहिलं नाव

नत्थुजी चपराशानं धावत येऊन छिन्नी हिसकून घेतली, तोवर दगडावर एक पांढरा ओरखडा उठला होता. तेवढाच. खुशालरावांच्या सत्तरीतल्या मनगटात तेवढंच बळ होतं.

"काय करून राहिले बाबाजी? अकरा वाजता कार्यक्रम हाय अन् तुमी दगड फोडता?"

"फोडत नाही. नाव खोडून राहिलो. माहंच हाय थे."

अकोल्यातल्या त्या कॉलेजच्या आवारात, कडुलिंबाखाली, दगड कालच बसवला होता. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या कॉलेजच्या पाच पोरांची नावं त्यावर कोरलेली. समोर मंडप पडला होता, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी चढल्या होत्या. खुशालराव बाळापूरहून पहिल्या एसटीनं आले होते. पिशवीत छिन्नी, हातोडी आणि कागदाच्या पुडीत मूठभर सिमेंट. नाव निघालं की खड्डा बुजवायला.

आरडाओरडा ऐकून अश्विन सर आले. इतिहासाचे तरुण प्राध्यापक. ही नावं शोधण्यात त्यांची दोन वर्षं गेली होती.

"काका, नाव चुकलं का? काना-मात्रा राहिली?"

"नाव बराबर हाय. मानूस चुकला."

अश्विन सर हसले. "जुन्या पेपरांची कात्रणं आहेत माझ्याजवळ. पाच जणांना अटक झाली, त्यात तुम्ही आहात."

"मी आठ दिवसात सुटलो. बापानं सोडवून आनलं."

"आत गेलात ना? दुसरा असता तर नाव मोठ्या अक्षरात टाका म्हणाला असता. तुम्ही खोडायला आलात. एवढा मोठेपणा कुठून आणता, काका?"

खुशालरावांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "सर, पाया पडतो तुमच्या. काळा रंग मारा त्याच्यावर. नाही तं कागद चिकटवा. आजच्यापुरतं. थे येण्याच्या आत."

"कोण?"

फाटकाशी ऑटो थांबला होता. दगडावरच्या पाचांतल्या जानरावची बहीण शालू उतरत होती. बार्शीटाकळीच्या शाळेत जन्मभर शिकवलेली, आता निवृत्त. पांढरी साडी, काखेत भावाचा फ्रेम केलेला फोटो. जानराव अकरा महिने तुरुंगात होता. बाहेर आला तो रक्त ओकतच, आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत गेला.

शालूनं दगडापाशी येऊन चपला काढल्या. चष्मा पुसला. एकेका नावावरून सावकाश बोट फिरवलं.

"ख आधी, ज मंग," ती म्हणाली. "तुमी त्याच्यावर हाय, खुशालभाऊ. त्याले आवडलं असतं. सगळीकडं तुमालेच पुढं करे थो."

"अन् हेच बाबाजी खोडून राहिले होते आपलं नाव," नत्थुजी म्हणाला. "पाहा, ओरखडा पाडला."

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आल्याची ओरड झाली. अश्विन सर तिकडं पळाले, छिन्नी घेऊन नत्थुजीही गेला. मंडपात माईकवाला "हॅलो, हॅलो" करत राहिला.

"कावून खोडत होते, भाऊ?" शालूनं विचारलं. "माह्या भावाले एकटं ठेवाचं होतं काय इथं?"

एसटीत बसल्यापासून खुशालरावांनी घोकलेलं सगळं एकदम नाहीसं झालं होतं.

"जानराव जिनिंगच्या गोदामात लपला होता," ते म्हणाले. "पत्रकं छापाची मशीन घेऊन. थे जागा आमा दोघाइलेच माहीत होती."

"मले ठाऊक हाय. थो म्हने, चौकीदारानं सांगतलं असन पोलिसाइले. शेवटपावतर तेच म्हनत होता."

"चौकीदारानं नाही सांगतलं."

शालूनं काखेतला फोटो छातीशी घेतला.

"मले इचारलं, तुह्यासंग आनखी कोन हाय? मी नाव सांगतलं. मंग जागा सांगतली. म्या सांगतलं, शालू."

शालू जवळची एक खुर्ची ओढून तिच्या काठावर बसली. खुशालराव उभेच राहिले. ती चप्पल उचलेल, तोंडावर थुंकेल, माईकवर जाऊन चारचौघांत सांगेल, या सगळ्याची त्यांनी पन्नास वर्षं तयारी केली होती. आणि त्यातलं काहीतरी व्हावं म्हणून ते आता जिवाच्या आकांतानं तिच्याकडं पाहत होते.

शालूनं वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शाळेतल्या एखाद्या चुकलेल्या पोराशी बोलावा तसा हलका होता.

"लय मारलं असन तुमाले."

खुशालरावांनी दगडावरच्या ओरखड्याकडं पाहिलं.

"त्याचे तळवे फोडले होते. सहा महिने पाय टेकवता येत नव्हता त्याले. तुमालेही तसंच मारलं असन. माराखाली कोनीही बोलते, भाऊ. जानरावही बोलला असता. सांगा ना, टांगलं होतं काय उलटं?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. शालूनं जागा करून दिली होती. तीत पाऊल टाकायचं, एवढंच बाकी होतं. त्यांची मान खाली जायला लागलीही होती.

"एक थापड," खुशालराव म्हणाले. "दुसऱ्या बारीले फौजदारानं नुसता हात उचलला होता."

शालू पुढचं ऐकायला थांबली.

पुढं काही नव्हतं.