एका नावावर दोन खोकी

"दोन आलीत," पार्सल कचेरीत काउंटरमागचा एर्गाश म्हणाला. "एक मोठं, एक लहान. मोठ्यावर काही नाही. लहानावर कर बसलाय. चोवीस लाख सोम."

ओयदिनला वाटलं, याची काहीतरी गफलत होतेय. लहान खोकं तिचं होतं. त्यात तिच्या चार वर्षांच्या हिलोलाचं श्रवणयंत्र होतं, परदेशातून मागवलेलं. नवरा रशियात बांधकामावर विटा चढवत होता. त्याची आठ महिन्यांची कमाई त्या खोक्यात होती आणि वर द्यायला घरात दमडी उरलेली नव्हती. जन्मल्यापासून त्या पोरीनं आईची हाक ऐकलेली नव्हती.

"कर कसला, एर्गाशअका? तीन महिन्यांत मी एवढंच तर मागवलंय."

"तुमच्या नावावर हे मोठं आधी आलंय, ताई. तिमाहीत एका नावावर जेवढं करमुक्त मिळतं, तेवढं यानंच खाल्लं. मागून आलेल्यावर कर बसणारच."

मोठं खोकं जिचं होतं, ती शेजारीच उभी होती. मावजुदा, ओयदिनची मोठी जाऊ. खोक्यात तिच्या लेकीच्या, सर्विनोझच्या लग्नाचा फरचा कोट होता. बूट, पर्सा आणि शाली मागवता मागवता मावजुदाचं, तिच्या नवऱ्याचं आणि दोन्ही पोरांचं नाव भरून गेलं होतं. मग ओयदिनचं नाव वापरलं. कोकंदच्या बायका एकमेकींना खमीर उसनं देतात, तसा पासपोर्टचा नंबरही देतात. ओयदिननंही दिला होता. "एखादी पर्स मागवायचीय गं," एवढंच मावजुदा तेव्हा म्हणाली होती. आणि आज सकाळी तिला टॅक्सीत घालून आणलं होतं, सही करायला.

"आपा, तुम्ही तर पर्स म्हणाला होतात."

"पर्स काय, कोट काय! खोकं ते खोकंच," मावजुदा मोबाईलवरून नजर न काढता म्हणाली. "एवढा चेहरा कशाला पाडतेस? भरून टाक. नाहीतर परत जाऊ दे, पुढच्या तिमाहीत मागव पुन्हा. चार वर्षं थांबलीस, आणखी तीन महिन्यांनी काय आभाळ कोसळणार आहे? भाऊ, मोठं आधी द्या हो. उद्या सार्पो आहे, लग्नाचा आहेर मांडून दाखवायचा. चार गल्ल्यांतल्या बायका येतील, त्यांच्यासमोर पेटी उघडायची आणि कोटच नाही म्हणजे नाक कापलं जायचं."

सासरी ओयदिन सहसा बोलायचीच नाही.

"आणि हो," मावजुदाला आठवलं, "उद्या हिलोलाला मागच्या खोलीत ठेव. व्याहीणबाई काही विचारतील आणि ही नुसती टकामका बघत बसेल. बरं दिसत नाही पाहुण्यांपुढे."

ओयदिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या खोलीत! ईदला मागच्या खोलीत, दिराच्या साठीला मागच्या खोलीत. प्रत्येक वेळी तिनं मुकाट्यानं पोरीचं बोट धरून तिला आत नेलं होतं. तिनं पेन उचललं आणि अगदी शांतपणे विचारलं,

"एर्गाशअका, मोठं मी घेतलंच नाही तर?"

एर्गाशनं चष्मा वर सरकवला. "नाकारलंत तर आलं तसं परत जाईल. मग तुमच्या नावावर लहानच उरेल. कर शून्य. फक्त सही तुमची लागेल. ज्याच्या नावावर, त्याचीच."

मावजुदा आधी हसली. मग तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला. "ओयदिन, थट्टा पुरे हं. अगं, व्याहीण पेटीत पहिला हात कोटालाच घालणार! सर्विनोझला काय तोंड दाखवू मी? ओयदिन! पोरी, मी भरते ना तुझे पैसे, संध्याकाळपर्यंत..."

सकाळपासूनच काय, लग्न होऊन आल्यापासून मावजुदानं तिला पहिल्यांदा 'पोरी' म्हटलं होतं. सर्विनोझची ओयदिनला दया आली, पण क्षणभरच.

"पुढच्या तिमाहीत मागवा, आपा," ती म्हणाली, आणि 'नाकारले' या शब्दाखाली स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं. इतक्या चवीनं तिनं आयुष्यात कुठलीच सही केली नव्हती. लहान खोकं छातीशी धरून ती बसनं घरी आली.

दुपारी कानाच्या दवाखान्यातली दिलबर लॅपटॉप घेऊन आली. ती गल्लीतलीच, ओयदिनची मैत्रीण. तिनं हिलोलाच्या कानात यंत्र बसवलं, लॅपटॉपची तार जोडली आणि म्हणाली, "हळूहळू आवाज वाढवते. तू तिला हाक मार. पहिला आवाज आईचा असू दे."

ओयदिननं घसा साफ केला. चार वर्षं मनात घोळवलेली हाक आता ओठावर येईना. तेवढ्यात अंगणाचं फाटक धाडकन आपटलं. दोन्ही जावांचं अंगण एकच. तिथं उभी राहून मावजुदा बंद खिडकीकडे बघत गरजली, "ओयदिन! तुझं वाटोळं होईल! तुझ्या सात पिढ्यांना कोट मिळणार नाही! सटवे, बाहेर ये!"

बाहुलीच्या केसांतून फिरणारी हिलोलाची बोटं थांबली. तिनं आईकडे पाहिलं नाही, दिलबरकडेही नाही. तिची मान वळली ती थेट खिडकीकडे. तोंड उघडं, डोळे मोठे.

"ऐकलं तिनं!" दिलबर कुजबुजली. "ऐकलं गं!"

ओयदिनला हुंदका आवरेना. ती धावत उठली, थंडीची पर्वा न करता खिडकी सताड उघडली आणि अंगणात वाकून ओरडली,

"आपा, थांबू नका! आणखी मोठ्यानं!"