येते हं

हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या ताईने मोबाइलवर एक गेम रचला होता. गेस्टची खोली आवरायची आणि दर वेळी काय बोलायचं ते निवडायचं. धाकटी बहीण मजेत खेळत होती. चादर बदलून झाल्यावर निघताना तिने सवयीने ‘येते हं’ निवडलं.

पडद्यावर उमटलं: गेस्टने हसत दार अडवलं. ‘येते म्हणालीस ना? मग कधी येतेस?’

धाकटी फणकारली. “‘जाते’ म्हणू नये म्हणून ‘येते’ म्हणतो आपण! एवढंही कळत नाही त्याला?”

“मीही त्याला हेच सांगितलं,” गणवेशाचं तुटलेलं बटण शिवत ताई म्हणाली.

धाकटीने मोबाइल खाली ठेवला. “मग... पुढे काय होतं?”

“पुढचं अजून लिहिलं नाही. तो आहे अजून मुक्कामाला, आणि उद्याही ती खोली माझ्याकडेच आहे.”