उष्टी हळद

नोएडाहून विहीणबाई नवऱ्यामुलाची उष्टी हळद घेऊन आल्या, तेव्हा गुडगावच्या सोसायटीचा हॉल बायकांनी भरून गेला होता. फक्त नवरीची आई, रेवती, दाराशी उभी होती. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचं पोलकं, हात पदरात गुंडाळलेले. सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगून वीस वर्षं झाली होती. तरी लोक तिच्या हातचा प्रसाद अजून कागदावर घेत.

"तू बिल्कुल पुढे येऊ नकोस गं," जाऊबाईंनी सकाळीच बजावलं होतं. "विहीणबाईंनी हे हात बघितले आणि लग्न मोडलं, तर?"

रेवतीने मान डोलावली होती. ज्या हातांनी लेकीला न्हाऊ घातलं, माखू घातलं, त्या हातांना आज तिच्या गालापर्यंत वाट नव्हती.

"आई!" पाटावरून तनयाने हाक मारली. "पहिली हळद तू लाव. नाहीतर मी उठते."

जाऊबाईंनी डोळे वटारले. रेवती हसत-रडत पुढे गेली, तिने वाटीत बोटं बुडवली. तनयाने तिचं मनगट धरलं आणि हात गालाकडे न नेता केसांखाली, मानेमागे नेला. बोटांना तिथे कोरडे, ओळखीचे खवले लागले.



"इथे जाड लाव, आई," लेक कानात म्हणाली. "सासूबाई बघतायत."