बाटलीतला जर्बेरा

सासूबाईंच्या केशरी जर्बेराची मुळं कुजली, तेव्हा त्यावर एकच न उमललेली कळी उरली होती. शालननं ती खुडून ओल्या रुमालात गुंडाळली.

"अगं, तुझ्या सासऱ्यांनी लावलेलं झाड ते! शेवटची कळीही तोडलीस?" सासूबाईंचे डोळे भरून आले.

"आमच्या रोपं बनवायच्या लॅबमध्ये नेते, आत्या. हिच्यातूनच नवी रोपं करून बघते." शालन म्हणाली खरी, पण तिलाही खात्री नव्हती.

लॅबच्या साहेबांना विचारून तिनं कळीचे पाच तुकडे केले आणि पाच बाटल्यांत, जेलीसारख्या खाद्यावर ठेवले. चार बाटल्यांत बुरशी धरली. पाचवीकडे ती रोज श्वास रोखून बघायची. सातव्या आठवड्यात तुकड्यावर हिरवे कोंब दिसले आणि शालन मास्कच्या आत एकटीच हसली.

कोंबांतून कोंब काढत वर्षभरात तिनं अंगणात चाळीस रोपं उभी केली. पहिलं केशरी फूल उमललं, तसं सासूबाईंनी ते रोप कुंडीसकट उचललं आणि थेट शेजारी राहणाऱ्या आपल्या धाकट्या जावेचं दार वाजवलं. दोघींत सहा वर्षांचा अबोला होता.

"घे," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या शालननं बाटलीत वाढवलंय. आणि आधी चहा टाक."