अर्धा फेरा

किम्मोला चारशे युरो वाचवायचे होते, आणि त्यासाठी एका स्क्रूला अर्धा फेरा उलटा द्यायचा होता. एवढ्या थोड्या मेहनतीत एवढी कमाई त्याच्या सुतारकामात कधी झाली नव्हती.

बायकोने मोजून दिलेले पाचशे खिशात होते. त्या पैशांत कायानी शहरातल्या दुकानात प्लास्टिकच्या दस्त्याची रायफल मिळत होती. दुर्बीण वेगळी घ्या. सासऱ्याच्या गावचा म्हातारा आर्मास विकत होता ती जुनी, फिनिश बनावटीची. अक्रोडाचा दस्ता, वर चांगली दुर्बीण, आणि गोळी भरायचा बोल्ट असा की एका बोटाने मागे यावा नि पुढे जाताना कुरकुरूही नये. म्हातारा नऊशे म्हणाला होता. खांद्याला हिचा धक्का सोसवत नाही, हिचे पैसे आले की हलकी घेईन आणि आणखी पाच-सात हंगाम मूस हरणांच्या शिकारीला येईन, असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं.

गावाच्या चांदमारीवर आर्मास लक्ष्याचा कागद लावायला गेला. माणूस तिकडे गेला की मागे बंदुकीला कुणी हात लावायचा नाही, हा तिथला नियम. आणि दुसऱ्याच्या बंदुकीला न विचारता तर कधीच नाही. गावच्या शिकारी टोळीची म्होरकी राइली पाठमोरी होऊन कॉफी ओतत होती. किम्मोने खिशातली एलन-की काढली, दुर्बीण धरून ठेवणारा पुढचा स्क्रू सैल केला, आणि हात खिशात घालून उभा राहिला.

आर्मास परत आल्यावर त्याने रायफल पारखायला चार गोळ्या झाडल्या. त्या छान पसरल्या. एक तर कागदाबाहेरच गेली. ठरवल्याप्रमाणे तोंड लांब करून तो म्हणाला, नळी झिजलेली दिसते, हिचे नऊशे जरा जास्तच होतात.

आर्मास चिडला नाही. "जावईबापू, चाप ओढताना डोळे मिटलेस तू. खिळे पण असेच ठोकतोस काय?"

राइलीने स्क्रूंचं विचारलं. सकाळी मीच आवळलेत, आर्मास म्हणाला. त्याच्यानंतर कोण हात लावणार? विषय तिथेच मिटला.

आता आर्मास स्वतः बसला. नळी वाळूच्या पिशवीवर टेकवली, अर्धा श्वास सोडला, आणि घाई न करता चार गोळ्या झाडल्या. राइलीने तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून कागद पाहिला, मग पुन्हा डोळा लावून पाहिला. म्हणून आर्मास स्वतःच चालत गेला. कागदासमोर बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा टोपी हातात होती.

"वारा असेल," राइली म्हणाली. बर्चचं एक पान हलत नव्हतं.

"ह्याचं सोड, हा नवा आहे," आर्मास म्हणाला. "पण माझं काय? रायफल तीच. गोळ्या त्याच. स्क्रू मी आवळलेले. मग राहिलं कोण?" त्याने डोळ्यांसमोर आपलाच पंजा धरला, जवळ आणला, लांब नेला. "जनावर जखमी करून रानात तडफडत सोडण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. राइली, यंदा टोळीत मला धरू नकोस."

बोलायची जागा होती ती हीच. स्क्रू मी सैल केला. एवढंच तर म्हणायचं होतं. किम्मोने तोंड उघडलं. मग त्याला दिसलं की हे ऐकल्यावर राइली त्याला टोळीत उभा करणार नाही, आणि सासऱ्याला ह्याच गावात राहायचं आहे. उघडलेल्या तोंडाला काम म्हणून त्याने कॉफी प्यायली.

आर्मास म्हणाला, पाचशेच दे. हलकी घ्यायची म्हणून नऊशे म्हणालो होतो. आता कशाला लागतात?

"नाही, नऊशेच घ्या," किम्मो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "उरलेले नाताळपर्यंत देतो. खरंच घ्या."

"वेडा आहेस. मघाशी तर नळी झिजली म्हणत होतास." म्हाताऱ्याने रायफल त्याच्या हातात दिली आणि वर गोळ्यांची डबीही ठेवली.

राइलीने आठवण करून दिली, परीक्षेच्या चार गोळ्या बाकी आहेत. त्या पार केल्याशिवाय टोळीत नाव लागत नाही. मघाशी कानांना दडे बसले, कानावरचे गुब्बे गाडीतून आणतो, असं सांगून किम्मो रायफल घेऊनच गाडीकडे गेला. आता ती त्याची होती, कुणी काही म्हणण्याचं कारण नव्हतं. डिकीच्या आडोशाला त्याने स्क्रू पुन्हा आवळला. इतका आवळला की एलन-की बोटांत रुतली.

मुद्दाम वाईट मारावं, म्हणजे दोष रायफलीवर जाईल, असंही त्याच्या मनात आलं. पण रायफल चांगली होती. चारही गोळ्या किंचित डावीकडे, पण एका बशीत मावतील अशा लागल्या.

"नळी झिजली म्हणे," राइली हसली. मग आर्मासकडे पाहून तिचं हसू गेलं.

आर्मासने कागद पाहायला दुर्बिणीला डोळाही लावला नाही. गोळ्या कुठे लागल्या ते तिलाच विचारलं, आणि तिने सांगितलं तशी मान हलवली. "म्हटलं होतं ना, रायफलीचा दोष नाही."

मग तो उठला. दलदलीकाठच्या खडकावरची दबा धरायची आपली जागा जावईबापूंना दे, असं त्याने राइलीला सांगितलं. किम्मोच्या खांद्यावर हात ठेवला. तू आज आलास म्हणून वेळेवर कळलं, म्हणाला, नाहीतर माझ्या हातून एखादं जनावर हाल होऊन मेलं असतं.

किम्मोने पाचशे मोजून दिले. बाकीचं सगळं आर्मासने भरलं, आणि जाताना आभारही त्यानेच मानले.