ठकीचा सराव

ठकीच्या हातून वाटी पुन्हा उपडी झाली आणि कुस्करलेलं केळं टेबलावरून ओघळत बाईंच्या सँडलवर पडलं.

"शी! मावशी, आधी हे पुसा!" बाई पाय झटकत मागे सरल्या आणि अत्तराचा रुमाल नाकाला लावला. वर्गातली पोरं खिदळली.

मावशी फडकं घेऊन वाकल्या. आधी ठकीची हनुवटी पुसली, मग गळ्यापर्यंत आलेली लाळ, मग टेबल. सँडल सगळ्यात शेवटी, आणि तीही फडक्याच्या मळक्या बाजूने.

मावशी ठकीच्या मदतनीस होत्या. ठकीचे हात उशिरा वळत, शब्दही उशिरा येत, म्हणून शाळेने तिच्यासाठी वेगळं माणूस दिलं होतं. शिकवायचं बाईंनी, मदतीला राहायचं मावशींनी, असं ठरलेलं. बाईंनी मात्र ठकीचं बाक सगळ्यात मागे, बाथरूमच्या दाराशी नेऊन लावलं होतं. तिच्या वहीच्या पानाला एकदा शेंबूड लागलेला दिसला, तेव्हापासून त्यांनी ती वही हातातही धरली नव्हती.

"तुमचं गिऱ्हाईक तुम्ही सांभाळा," त्या म्हणायच्या.

"गिऱ्हाईक कसलं? तुमच्या पटावरची मुलगी आहे ती."

"पटावर माझ्या, अंगावर तुमच्या."

त्या दुपारी तपासनीस यायचे होते. दरवर्षी येत. ठकी स्वतःच्या हाताने चमच्याने खाते का, स्वेटरची बटणं लावते का, बाथरूमला जायचं सांगते का, एवढंच ते पाहत. हे जमलं की मुलीला मदतनिसाची गरज नाही असं ठरायचं आणि मावशींची नोकरी जायची. त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

मधल्या सुट्टीत ठकीशिवाय वर्ग रिकामा झाला, तेव्हा बाई खिडकीत उभं राहून सँडलचा वास घेऊन पाहत होत्या.

"खरं सांगू, मावशी? हिला यंदाही काही जमलं नाही म्हणजे मिळवली. तुम्ही गेलात तर ही घाण माझ्या गळ्यात. मला नुसतं बघूनच मळमळतं."

मावशी बघतच राहिल्या. "लेकरू आहे ते, बाई. त्याचं वाईट चिंतता?"

"वाईट कुठे? तुमच्याच पोटाचं बघतेय मी." बाईंनी सँडल पायात सरकवली. "आणि काय हो, परवा तिने स्वतःच बटणं लावल्यासारखं दिसलं मला."

"तुम्हाला दिसलं? फळ्यापाशी उभं राहून?" मावशींचा आवाज चढला. "वर्षभरात एकदा तरी तिच्या बाकाशी आलात?"

बाईंनी रुमाल पुन्हा नाकाला लावला.

"लागतं एखादं कधीतरी," मावशी खाली बघत म्हणाल्या. "नेम नसतो."

मग त्या ठकीला सामानाच्या खोलीत घेऊन गेल्या. रोज नेत. मोडक्या खुर्च्या आणि गुंडाळलेल्या नकाशांमध्ये दार लोटून दोघींचा सराव चाले. ठकीची आई तर सगळ्यांना सांगत सुटे, "मी नावाची आई. पोरीमागे राबतात त्या मावशीच."

तपासनीस हळू आवाजाचे, वयस्क गृहस्थ होते. ते ठकीसमोर छोट्या खुर्चीत अवघडून बसले. ठकीने एकदा मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान डोलावली.

ठकीने चमचा उचलला. केळं गालाला लागलं, मग कानाला, उरलेलं कॉलरमध्ये गेलं. स्वेटरचं बटण भलत्याच काजात अडकलं. तिने ते ओढलं, सोडून दिलं आणि बाही तोंडात घालून चोखत बसली.

"बाथरूमला जायचंय का बाळा?"

ठकीने नकारार्थी मान हलवली. थोड्याच वेळात बाकाखाली ओल पसरली आणि वास वर आला. पोरांनी नाकं दाबली. बाईंचा रुमाल थरथरत होता. त्यामागे त्या हसत होत्या.

"तुम्हीच ना वर्गशिक्षिका?" तपासनिसांनी विचारलं. "मग दारात काय उभ्या?"

"ते काम त्यांचं आहे, सर."

"आणि तुमचं कोणतं?"

मावशी तोवर गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागल्या होत्या. तपासनीस त्यांच्याशेजारी वाकले.

"वाईट वाटून घेऊ नका, मावशी. तुम्ही कष्टात काही कमी ठेवलं नाहीत, ते दिसतंय. आणखी एक वर्ष तुम्ही तिच्याबरोबर राहाल, तसं मी कळवतो." बाईंकडे एक नजर टाकून ते पुढे म्हणाले, "या वर्गात तिचं माणूस म्हणावं असं तुम्हीच आहात."

मावशींनी मनगटाने डोळे पुसले.

बाथरूममध्ये त्यांनी ठकीला कोमट पाण्याने धुतलं, कोरडं केलं, स्वच्छ कपडे घातले. दाराच्या फटीतून अत्तराचा उग्र दर्प आत येत होता; बाई ठकीच्या बाकावर फवारत होत्या. मावशींनी दार घट्ट लोटलं. असल्या बाईच्या हाती लोक विश्वासाने लेकरं सोपवतात.

ठकीने त्यांची बाही ओढली. मावशींनी कान जवळ नेला.

"मावशी," शब्दाला शब्द जोडत ती हळूच म्हणाली, "आज मी नीट चुकले ना?"