पार्सलचा खर्च

नातवाच्या टेबलासाठी जागा हवी, म्हणून बळीरामजींनी वारलेल्या बायकोची शिलाई मशीन स्वतःच ऑनलाइन लिलावात टाकली. लोक बोलीला यायचे आणि पार्सलचा खर्च बघून पळायचे. “तुम्हाले लुटारू म्हणून राहिले सारे, मामाजी,” सून दीप्ती म्हणाली. “मशीनपेक्षा पॅकिंग महाग काहून लावलं?” “नाजूक हाये बेटा. फोम लागते, लाकडाची पेटी लागते,” म्हणत सासरे लोखंडी मशीनला तेल देत राहिले. तेवढ्यात हिंगण्याच्या एका माणसाचा मेसेज आला: ‘पार्सल नको. संध्याकाळी गाडी घेऊन मीच येतो.’ दीप्तीनं तो वाचून दाखवला. बळीरामजींनी तेलाची कुपी खाली ठेवली आणि चाक घट्ट धरलं. सुईत सासूबाईंनी ओवलेला निळा दोरा अजून तसाच होता. तिनं उत्तर टाकलं, ‘माफ करा, आम्ही पार्सलनंच पाठवतो,’ आणि पार्सलच्या खर्चावर आणखी एक शून्य चढवलं.